टाकीचं पाणी पुन्हा पुन्हा गढूळ होतंय? पावडर आणि कार्बन वापरण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. पाच गोल्डफिश, वर टॉप फिल्टर. पाणी सतत दुधाळ. दुकानदाराने दिलेली ‘पाणी साफ करायची’ पांढरी पावडर टाकली की रात्रीत पाणी लख्ख होतं, दोन-तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. फिल्टरमध्ये काळ्या कार्बनची पिशवी आहे, ती टाकी घेतल्यापासून बदललेली नाही. स्पंज दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुतला जातो. अलीकडे मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढतात. कुणीतरी डायटम पावडरचा फिल्टर सुचवला आहे. तो घ्यावा का, आणि डायटम पावडर व कार्बन एकत्र चालतात का?

एकत्र चालतात, आणि नीट वापरले तर पाणी इतकं स्वच्छ होतं की टाकीत पाणी आहे की नाही असं वाटावं. पण तुमच्या वर्णनावरून मूळ दुखणं वेगळं दिसतं. ते तसंच ठेवून महागडा फिल्टर लावलात तर दर आठवड्याला पावडर बदलत बसाल. म्हणून आधी निदान करू.

पाणी ‘साफ नाही’ म्हणजे नेमकं काय, हे घरच्या घरी कळतं. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च टाकीच्या बाजूच्या काचेला टेकवून आडवा झोत सोडा. झोतात सुटे कण तरंगताना दिसले तर तो गाळ आहे: विष्ठेचे तुकडे, खाण्याचा चुरा, वाळूची धूळ. एकही कण सुटा दिसत नाही, पण झोत धुक्यातून गेल्यासारखा सलग पांढरा दिसतोय, तर ते जिवाणू आहेत. हिरवी झाक असेल तर तरंगतं शेवाळ. मग उंच काचेच्या ग्लासात तेच पाणी घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि वरून बघा. ग्लास रात्रभर न हलवता ठेवल्यावर तळाला थर बसला तर माती किंवा गाळ. काहीच बसलं नाही आणि पाणी नितळ पण पिवळसर, फिकट चहासारखं दिसलं, तर तो विरघळलेला रंग आहे. लाकूड, पानं, खाणं आणि माशांची विष्ठा यांतून तो येतो.

पावडर आणि कार्बन यांची कामं इथेच वेगळी होतात. डायटम पावडर तरंगणारे कण अडवते, विरघळलेल्या गोष्टींना हात लावत नाही. कार्बन विरघळलेला रंग, वास, औषधं ओढून घेतो, पण गढूळपणा कमी करणं त्याचं काम नाही. आणि विष्ठा व सडणाऱ्या खाण्यातून तयार होणारे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांवर दोघांचाही काही उपयोग नाही. कार्बन अमोनिया काढतो असं दुकानात सर्रास सांगतात, ते चूक आहे.

तुमचं पाणी दुधाळ आहे, दुकानदाराच्या पावडरीने तात्पुरतं साफ होतं, पुन्हा दुधाळ होतं आणि मासे पहाटे वर येतात. ही सगळी लक्षणं जिवाणूंच्या उद्रेकाची आहेत. टाकीत सडणारं अन्न जास्त झालं की ते खाणारे जिवाणू पाण्यातच भराभर वाढतात. एकेक पेशी साधारण एक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. एकटी दिसणार नाही, कोट्यवधी झाल्या की पाणी ताकासारखं दिसतं. हे जिवाणू ऑक्सिजन खातात, म्हणून मासे वर येतात. दुसऱ्या बाजूला, अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू स्पंजवर राहतात. महापालिकेच्या क्लोरिनयुक्त पाण्याच्या धारेखाली स्पंज चोळून धुतला की त्यातले बरेचसे मरतात किंवा वाहून जातात. दर रविवारी टाकी अर्धीमुर्धी नव्याने सुरू होते, असं समजा.

आता त्या पांढऱ्या पावडरीबद्दल, कारण याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. सुट्या पुडीतून मिळणारी, थेट पाण्यात टाकायची पावडर बहुधा तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन असतं. ती बारीक कणांची गुठळी करून खाली बसवते. गावाकडे पावसाळ्यात पिण्याचं पाणी निवळायला तुरटी फिरवतात, तेच तत्त्व. पण तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाते. एक ग्रॅम तुरटी, प्रकारानुसार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात साधारण एक तृतीयांश ते अर्धा ग्रॅम अल्कलिनिटी संपवते. तुमच्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे १६० लिटर पाणी असेल. मुंबई-ठाण्याला धरणांचं पाणी येतं, ते मऊ असतं. अल्कलिनिटी लिटरमागे ४० मिलिग्रॅम धरली तर अख्ख्या टाकीत जेमतेम साडेसहा ग्रॅम साठा आहे. १५ ग्रॅम तुरटी, म्हणजे भरलेले तीन चहाचे चमचे, त्यातला बहुतेक साठा एका रात्रीत संपवू शकते. मग पीएच (पाणी किती आम्ल आहे हे सांगणारा आकडा) घसरतो, आणि आम्लयुक्त पाण्यात विरघळणारं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांना घातक असतं. दख्खनच्या पठारावर बोअरचं कठीण पाणी वापरणाऱ्याला हाच डोस कदाचित जाणवणारही नाही, म्हणून ‘आमच्याकडे काही झालं नाही’ हा अनुभव तुमच्या कामाचा नाही. ती पुडी बाजूला ठेवून द्या.

डायटम पावडर ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. लाखो वर्षांपूर्वी तळाशी साठलेल्या त्या कवचांची माती खणून, भाजून, चाळून ही पावडर बनते. प्रत्येक कणाला असंख्य छिद्रं असतात. तिचा थर जाळीवर बसवला की पाणी त्या छिद्रांतून वाट काढतं आणि कण मागे राहतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला आमांशाच्या अमीबाच्या पुटी (कवचातल्या सुप्त पेशी) पाण्यातून काढायच्या होत्या. नेहमीच्या क्लोरिनला त्या दाद देत नव्हत्या, तेव्हा डायटम पावडरचे फिल्टर बनवले गेले. पुढे हीच पद्धत जलतरण तलावांत आणि मत्स्यटाक्यांत आली. अमेरिकेत ‘व्होर्टेक्स’ कंपनीचे डायटम फिल्टर शौकिनांमध्ये बरेच वर्षं गाजले. इथे औषध कारखान्यांना माल पुरवणाऱ्या केमिकलच्या दुकानांत ‘फिल्टर एड’ म्हणून ही पावडर मिळते. ‘हायफ्लो सुपरसेल’ हे नाव तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

ही पावडर पाण्यात टाकायची नसते, फिल्टरमध्ये तिचा थर बसवायचा असतो. साधा फिल्टर कापूस काही दशक मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. डायटमचा चांगला थर एक ते तीन मायक्रॉनपर्यंत जातो. म्हणजे गाळ, मातीची झाक आणि हिरवं पाणी यांवर तो रामबाण. दुधाळ जिवाणूंपैकी बरेचसे अडकतात, पण सगळे नाही. आणि जे सुटतात ते अन्न शिल्लक असेपर्यंत पुन्हा वाढतात. तुम्ही फिल्टर काढलात की तिसऱ्या दिवशी तेच चित्र. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारातले पोहत फिरणारे परजीवी या थरात अडकतात, पण अंगावर बसलेल्यांना काही होत नाही. म्हणून तो फक्त जोडउपाय, औषध नव्हे.

तयार फिल्टर मिळाला नाही तर पाणी शुद्धीकरणाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून दहा इंची पारदर्शक हाउसिंग (गाळणी बसवायचं झाकणाचं भांडं) आणि त्यात बसणारी गाळणी, म्हणजे पाच मायक्रॉनचं प्लीटेड कार्ट्रिज, घ्या. प्लीटेड म्हणजे घड्या घातलेलं, धुता येणारं. दोऱ्यासारखं दिसणारं स्पन कार्ट्रिज यासाठी घेऊ नका. पावडर त्याच्या आत शिरते आणि मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाला तेवढा दाब झेपत नाही. दोन-अडीच मीटर हेड असलेला, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा, बुडता पंप पुरतो.

थर बसवताना घाई केली की पावडर टाकीत जाते, म्हणून हा भाग सावकाश वाचा. नाकावर मास्क लावा. भाजलेल्या डायटम पावडरीत स्फटिक सिलिका असते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. वाटीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर हळूच सोडा, म्हणजे ती उडत नाही. साधारण अर्धी वाटी पावडर पातळ ताकासारखी कालवा आणि कार्ट्रिज बसवलेल्या हाउसिंगच्या भांड्यात, कार्ट्रिजच्या बाहेरच्या बाजूला ओता. उरलेली जागा टाकीच्या पाण्याने भरून झाकण घट्ट करा. पंप टाकीत, त्याची नळी हाउसिंगच्या इनलेटला. आउटलेटची नळी मात्र टाकीत नाही, रिकाम्या पांढऱ्या बादलीत सोडा आणि पंप सुरू करा. पहिलं पाणी दुधासारखं येईल. पारदर्शक भांड्यातून तुम्हाला दिसेल की फिरणारा पांढरा ढग हळूहळू विरळ होतोय आणि कार्ट्रिजच्या घड्यांवर सारखी साय धरतेय. कुठे घडी उघडी दिसली तर थर कमी पडला, थोडी पावडर वाढवायला हवी. दुसरी बादली तयार ठेवा, कारण वीस लिटर भरायला दोनेक मिनिटंच लागतात. बादलीत पडणारी धार पूर्ण स्वच्छ झाली की पंप न थांबवता ती नळी टाकीत वळवा.

‘पंप न थांबवता’ हे यातलं सर्वात महत्त्वाचं. हा थर कशानेही चिकटलेला नसतो, फक्त पाण्याच्या दाबाने टिकतो. पंप बंद झाला की साय गळून पडते, आणि पुन्हा सुरू झाला की पहिला लोट पावडरीसकट टाकीत जातो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हा फिल्टर रात्रभर किंवा घराबाहेर जाताना चालू ठेवू नका. वीज गेली तर ताबडतोब प्लग काढा. आल्यावर आउटलेट पुन्हा बादलीत घेऊन थर नव्याने बसवा, मगच टाकीत सोडा. चुकून थोडी पावडर टाकीत गेलीच तर ती विषारी नाही, पण कल्ल्यांना खरखरीत लागते. कापसाच्या फिल्टरने आणि सायफनने काढून टाका. पंपाने हवेचे बुडबुडे ओढले तरी थराला भेगा पडतात, तेव्हा एअर स्टोन पंपापासून लांब ठेवा.

१६० लिटरच्या टाकीला तीन-चार तास पुरेसे होतात. धार निम्म्यावर आली की थर भरला. पाणी फार घाण असेल तर हे तासाभरातही होतं. मग भांडं उघडायचं, कार्ट्रिज धुवायचं, नवा थर. वापरलेली पावडर सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. कुंडीच्या मातीत मिसळली तरी चालते. हा फिल्टर काम झालं की काढून ठेवायचा असतो, जिवाणूंचं घर म्हणून त्याचा उपयोग नाही. तुमचा टॉप फिल्टर त्या वेळी आणि नंतरही चालूच हवा.

आता कार्बन. बाजारात ‘कार्बन’ म्हणून मिळणारा सगळाच काळा माल अ‍ॅक्टिव्हेटेड नसतो, काही ठिकाणी चक्क लाकडी कोळशाचे तुकडे मिळतात. खरा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून बनतो. सुमारे ८०० ते १००० अंश तापमानाला वाफ देऊन त्यात सूक्ष्म छिद्रं पाडतात, आणि एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. आपल्याकडे करवंटीचाच कार्बन जास्त मिळतो, त्यात भारत मोठा निर्यातदार आहे. त्याची छिद्रं अतिसूक्ष्म असल्याने क्लोरिन आणि वास यांसाठी तो उत्तम. पिवळ्या रंगाचे रेणू मोठे असतात, त्यांच्यासाठी दगडी कोळशाचा कार्बन अधिक चांगला. पण करवंटीचाही चालतो, जरा जास्त घालायचा.

माल पारखायला एक सोपी चाचणी आहे. ग्लासभर पाण्यात मेथिलिन ब्लू या माशांच्या निळ्या औषधाचे दोन थेंब टाका, फिकट निळं होईल. त्यात धुतलेला कार्बन एक मोठा चमचा घालून अधूनमधून ढवळा. चांगला कार्बन तासा-दोन तासांत निळा रंग जवळपास काढून टाकतो. कोळसा असेल तर पाणी निळंच राहतं. कार्बनची प्रतवारी करताना प्रयोगशाळेतही मेथिलिन ब्लूच वापरतात. पोत्यावर आयोडीन नंबर (कार्बनची शोषून घेण्याची ताकद सांगणारा आकडा) छापलेला असेल तर ९०० च्या वरचा घ्या.

तुमच्या टाकीला १०० ते १५० मिली, म्हणजे साधारण चहाचा एक कप कार्बन पुरेसा आहे. जाळीच्या पिशवीत भरून पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुवा. हे टाळू नका. अमेरिकेत समुद्री सर्जनफिशवर झालेल्या प्रयोगात, लिग्नाइट कार्बनची बारीक भुकटी पाण्यात गेल्यावर डोक्याची आणि अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेची त्वचा झिजलेली आढळली होती. पिशवी स्पंज आणि कापसाच्या नंतर ठेवा, म्हणजे गाळून आलेलं पाणीच तिच्यातून जाईल. आधी ठेवलीत तर आठवड्यात तिच्यावर चिकट थर बसतो आणि छिद्रं बंद होतात. पाणी पिशवीच्या बाजूने निसटायला नको, आतूनच गेलं पाहिजे.

तीन-चार आठवड्यांनी बदला. नेमकं कधी, हे ओळखायला पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचा अर्धा भाग फिकट पिवळा रंगवून ती टाकीच्या एका टोकाला उभी करा आणि दुसऱ्या टोकाकडून, टाकीच्या पूर्ण लांबीतून बघा. पांढरा आणि पिवळा भाग वेगळा ओळखू येईनासा झाला की कार्बन संपला. टाकी घेतल्यापासून बसलेली तुमची पिशवी आता कार्बन म्हणून मेलेली आहे, पण तिच्यावर जिवाणू वस्तीला असतील. म्हणून सगळं एका दिवशी बदलू नका. नवी पिशवी शेजारी ठेवा आणि जुनी दोन आठवड्यांनी काढा. उन्हात वाळवून, ओव्हनमध्ये भाजून कार्बन पुन्हा ताजा होतो असं सांगतात, पण त्यासाठी भट्टीचं तापमान लागतं. घरी फक्त ओलावा उडतो.

औषध चालू असताना कार्बन बाहेर काढायचा, नाहीतर मॅलाकाइट ग्रीन किंवा मेथिलिन ब्लू टाकलेलं सगळं पिशवीत जातं आणि मासा तसाच राहतो. कोर्स संपला की नवा कार्बन घालायचा. पाण्यातला उरलेला रंग तो ओढून घेतो.

पावडर कार्बन म्हणजे हाच माल पिठासारखा दळलेला. बारीक असल्यामुळे काम फार जलद करतो. महिन्यांची पिवळी झाक एका दुपारी जाते. पण साध्या कापसात तो टिकत नाही, सरळ आरपार जाऊन टाकी करडी करतो. तो वापरायचा तर फक्त डायटमच्या थराबरोबर. वर सांगितलेल्या अर्ध्या वाटी पावडरीत एक चहाचा चमचा मिसळायचा आणि बादलीचा तळ स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत नळी टाकीत न्यायची नाही. तो काही तासांत भरतो आणि थराबरोबर फेकला जातो. सगळ्या तयारीनिशी हे करणार असाल तरच आणा. खरेदी करताना ‘पावडर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन’ असं पूर्ण नाव सांगा. जलशुद्धीकरणाच्या केमिकलवाल्याकडे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी नुसतं ‘पीएसी पावडर’ म्हटलं तर तो पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची पिवळसर पुडी हातात देईल. ते तुरटीच्याच जातीचं आहे.

आता तुमच्या टाकीचं. या आठवड्यात डायटम फिल्टर विकत घेऊ नका. आज अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी करा, पीएचही बघा. अमोनिया दिसला तर रोज एक चतुर्थांश पाणी बदला. नवं पाणी अँटिक्लोरिन घालून आणि तापमान जुळवून घ्या. तुरटीमुळे पीएच खाली गेलेला असेल तर तो हळूहळूच वर येऊ द्या, कारण पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. एअर पंप रात्रभर चालू. दोन दिवस खाणं पूर्ण बंद ठेवा, निरोगी गोल्डफिशला त्याने काही होत नाही. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. वाळूत बसलेली घाण सायफनने काढा, पण एका वेळी अर्धीच वाळू. स्पंज यापुढे सायफनने काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दाबून काढायचा, तोही धार मंदावली की. दर रविवारी नाही. जिवाणूंचा हा ढग आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप विरतो.

पाच गोल्डफिशना ही टाकी पुढे लहान पडेल, हे मनापासून सांगतो. ते वाढतात आणि घाण भरपूर करतात. दोन-तीनच ठेवलेत तर पाण्याच्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य आले आणि तरीही बारीक झाक किंवा पिवळेपणा राहिला, तर आधी नवा दाणेदार कार्बन. तो जवळजवळ नेहमी पुरतो. त्यानंतरही मासे अगदी स्पष्ट दिसावेत, फोटो काढायचे असतील किंवा पावसाळ्यात नळालाच मातकट पाणी येत असेल, तेव्हा डायटमचा थर बसवा. आणलेली पावडर कोरड्या हवाबंद बरणीत भरून, ठळक नाव लिहून, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. मैद्याच्या डब्याशेजारी ती ओळखू येत नाही.